सुक्रेच्या मूलनिवासी कला संग्रहालयात दोन तास असतील तर काय बघावं, आणि कापड कुठून घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोलिव्हियाच्या ट्रिपमध्ये उयुनीच्या मिठागराकडे जायच्या आधी सुक्रेत दीड दिवस मिळतोय, तिथलं आसूर संस्थेचं मूलनिवासी कला संग्रहालय चुकवू नका असं जो तो सांगतोय, पण तुम्हाला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, मग दोन तास भिंतीवरची कापडं बघून हाती काय लागणार? दुसरं, त्यांच्या दुकानातल्या किमती ताराबुकोच्या रविवारच्या बाजारापेक्षा बऱ्याच जास्त आहेत म्हणे, तर ती टुरिस्टांची लूट आहे का? आणि तिसरं, तिथे विणकर बायका बसून विणत असतात ते बघायला तुम्हाला अवघडल्यासारखं होईल असं वाटतंय.

मी जुन्या वस्त्रांच्या जतनाचं काम करते आणि हातमाग शिकवते. अँडीजचं विणकाम हा बऱ्याच वर्षांचा अभ्यासाचा विषय, त्यासाठी सुक्रे आणि पेरूतलं कुस्को दोन्हीकडे विणकर बायकांजवळ बसून शिकलेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणारे, निवांत वाचा.

मला तुमचे तीन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. खरा प्रश्न एकच आहे, हे कापड बघायचं कसं? ते एकदा जमलं की किंमत कशाची आहे ते आपोआप दिसतं आणि समोर बसलेली बाई काय करतेय तेही समजतं. आणि त्यासाठी विणकाम यावं लागत नाही, थोडा वेळ एका जागी उभं राहायची तयारी लागते एवढंच.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगते. तुम्ही सुक्रेत कुठल्या वारी आहात, बरोबर लहान मुलं किंवा दमलेले आईबाबा आहेत का, आणि उंचीचा त्रास किती होतोय. सुक्रे साधारण 2,800 मीटरवर आहे आणि संग्रहालय ला रेकोलेताच्या चढावर, सपाट रस्त्यावर नाही, म्हणून पहिल्याच संध्याकाळी दमून जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने जा. वेळा आणि सुट्टीचा वार हॉटेलवाल्यांना आदल्या दिवशीच विचारून घ्या, दुपारी जेवणाच्या वेळी बंद ठेवायची पद्धत तिकडे बऱ्याच ठिकाणी आहे.

आधी हे संग्रहालय कशातून उभं राहिलं ते माहीत असलं पाहिजे, नाहीतर बाकीचं सगळं अधांतरी राहील. 1970 नंतर बोलिव्हियातली जुनी विणलेली वस्त्रं परदेशी संग्राहक आणि दलाल गावोगाव फिरून विकत घ्यायला लागले. त्यात 1983 चा भयंकर दुष्काळ पडला आणि पोटासाठी लोकांनी आजीच्या पेटीतली वस्त्रंसुद्धा विकली. आता तुम्ही म्हणाल कापड गेलं तर गेलं, नवं विणतील. पण इथे नक्षी कागदावर नसते, पुस्तकात नसते, ती जुन्या कापडातच असते आणि मुलगी ते कापड बघूनच शिकते. जुनं कापड गेलं की नमुनाच गेला. सुक्रेच्या आसपास हाल्का समाजाच्या गावांमधून असंच झालं, विणकाम साधं, ढोबळ होत गेलं आणि बाजारात त्याला भाव नाही म्हणून मुलींनी शिकणं सोडलं.

तेव्हा गाब्रिएल मार्तिनेस आणि वेरोनिका सेरेसेदा या मूळच्या चिलीच्या जोडप्याने 1980 च्या दशकाच्या मध्याला आसूरतर्फे काम सुरू केलं. त्यांनी संग्राहकांकडे गेलेल्या जुन्या वस्त्रांचे फोटो मिळवले आणि ते परत त्याच गावांमध्ये नेऊन बायकांना दाखवले. हे मला फार मोठं वाटतं. बाहेरून डिझायनर आणून 'आता टेबलमॅट विणा, तेच खपतं' असं सांगणं किती सोपं होतं, आपल्याकडे कित्येक हातमाग योजनांमध्ये तेच होत आलंय. त्यांनी मात्र बायकांना त्यांचंच उत्तमातलं उत्तम काम दाखवलं आणि म्हटलं, हे करा, याला योग्य किंमत मिळवून द्यायची जबाबदारी आमची. म्हणजे आधी विणकाम जिवंत झालं आणि त्यातून संग्रहालय आलं. तिकीट काढून आत जाताना हे डोक्यात ठेवा.

आत तुम्हाला मुख्यतः दोन समाजांची वस्त्रं दिसतील, हाल्का आणि ताराबुको. दोघंही क्वेचुआ बोलणारे, दोघांची गावं सुक्रेपासून फार लांब नाहीत, हाल्का वायव्येला पोतोलो, मारागुआच्या बाजूला आणि ताराबुको आग्नेयेला, आणि तरी विणकाम इतकं वेगळं की एकाच भागातलं आहे यावर विश्वास बसत नाही. बायका जो अक्सू वापरतात, म्हणजे पाठीमागून कमरेखाली येणारं वरचं वस्त्र, त्याच्या नक्षीच्या पट्ट्याला पल्लाय म्हणतात. सगळा जीव त्या पट्ट्यात.

ताराबुकोपासून सुरुवात करा, ते डोळ्याला लगेच कळतं. फिक्या, बऱ्याचदा पांढऱ्या पार्श्वभूमीवर रंगीत ओळी, मधोमध अक्ष धरून दोन्ही बाजूंना सारखी मांडणी, आणि त्यात घोडे, लामा, पक्षी, नांगरणी, नाचणारी माणसं. मार्च महिन्यातला पुख्यायचा सण बऱ्याच कापडांत असतो. 12 मार्च 1816 ला हुंबातेच्या लढाईत ताराबुकोच्या लोकांनी स्पॅनिश राजाच्या फौजेला हरवलं, त्याची आठवण त्या सणात आहे, आणि ताराबुकोच्या बाजूच्या यांपारा समाजाच्या या नाच-संगीताला 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीये. एकेक आकृती नखाएवढी असते पण माणसाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा ओळखू येते.

मग हाल्काकडे या आणि तिथे घाई करू नका, प्लीज. पहिल्यांदा तुम्हाला फक्त लाल-काळा गोंधळ दिसेल. काय वर, काय खाली कळणार नाही. सरळ ओळ नाही, मध्य नाही, समतोल नाही. एका अक्सूसमोर दहा मिनिटं उभे राहा, मोबाईल खिशात. हळूहळू एक पंख सुटा होतो, मग त्याला चार पाय आहेत असं दिसतं, मग पाठीवर एक कुबड, त्या कुबडाच्या जागी दुसराच प्राणी, त्याच्या पोटात अजून एक छोटं पिल्लू, आणि शेजारी कुणीतरी उलटं लटकलेलं. यांना खुरू म्हणतात, कुणी न पाळलेले, माणसाच्या जगात न दिसणारे प्राणी. सेरेसेदांच्या अभ्यासानुसार हे उखु पाचाचं, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या जगाचं चित्र आहे, जिथे साख्राची, म्हणजे त्या जगाच्या स्वामीची सत्ता चालते, तोच भीतीही घालतो आणि नवं काही घडवायची ताकदही देतो. लाल आणि काळा इतके जवळचे गडद का निवडलेत? तर डोळ्याला अडखळायला व्हावं म्हणूनच. अंधारात बघतोय असं वाटलं पाहिजे. माझ्या मते जगातल्या वस्त्रकलेत इतकं धाडसी काम फार थोडं आहे, आणि ते मेंढ्या राखणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायका करतात, समोर कुठलंही रेखाटन न ठेवता. एकदा मांडलेली जुळणी पुढे जशीच्या तशी ठेवायची नाही, हीच त्यातली शिस्त.

आता थोडं तांत्रिक, पण एवढं कळलं की दुकानात आणि बाजारातही उपयोगी पडेल.

आपली पैठणी माहीत आहे ना, तिच्या पदराची नक्षी आडव्या धाग्याने होते, विणकर वेगवेगळ्या रंगाच्या कांड्या घेऊन जेवढ्यास तेवढा आडवा धागा फिरवतो. इंकांच्या काळात कुंपी नावाचं राजेशाही कापड व्हायचं ते रचनेने याच्या बरंच जवळचं होतं. पण हाल्का आणि ताराबुकोच्या पल्लायमध्ये उलटं आहे, सगळी नक्षी ताण्यात, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांत असते. आडवा धागा जवळजवळ दिसतच नाही, तो आत लपून फक्त बांधून ठेवायचं काम करतो. लाल धागा वर घेतला की त्याच्या जोडीचा काळा खाली जातो, म्हणून कापड उलटं केलं की तेच चित्र रंगांची अदलाबदल होऊन दिसतं. आणि प्रत्येक ओळीला कुठला धागा वर, कुठला खाली हे ती बाई बोटांनी मोजून उचलते. फणी नाही, जॅकार्ड नाही, पंचकार्ड नाही. उभे खांब, त्यांना बांधलेले दोन आडवे दांडे, आणि धागे दाबून बसवायला लामाच्या हाडाचं टोकदार अवजार, विचुन्या. तिने ते आत घालून खस्सकन ओढलं की जो आवाज येतो त्यावरून ताण किती आहे ते कळतं. हात लावून बघितला तर ताणा तारेसारखा कडक लागतो.

सूतसुद्धा मुद्दाम तसं केलेलं असतं. टकळीवर कातायचं, दोन पदर एकत्र करून परत पीळ द्यायचा आणि तो इतका जास्त द्यायचा की सैल सोडला तर धागा स्वतःभोवतीच गुंडाळला जातो. अशा सुताशिवाय एवढी बारीक नक्षी उठतच नाही. विणायला बसण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं आणि ते कुणाला दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाची खूण मात्र काठांची. अँडीजमध्ये कापड मागावरून कापून काढत नाहीत. ताणा असा लावतात की चारही बाजूंना पक्का काठ येतो, कात्री कुठेच लागत नाही. यासाठी एका टोकाकडून चार बोटं विणायची, मग माग फिरवायचा आणि दुसऱ्या टोकाकडून विणत यायचं. शेवटी दोन्ही बाजू जवळ येतात तेव्हा मधली जागा इतकी चिंचोळी होते की धागे वर-खाली करायला वावच उरत नाही, विचुन्यासुद्धा आत जात नाही, शेवटच्या ओळी सुईने भरत न्याव्या लागतात. त्या जागी नक्षी जराशी दबते, बिघडते किंवा साधी पट्टी येते. ही जागा कापडाच्या एका टोकाजवळ शोधा. सापडली की समजा हे पारंपरिक पद्धतीने, एका माणसाच्या हाताने पूर्ण केलेलं कापड आहे. मशीनवर अशी जागा कधीच येत नाही, ती यायचं कारणच नाही. मला तर कुठलंही अँडीजचं कापड हातात आलं की आधी तीच जागा बघायची सवय लागलीये, बाकीचं सौंदर्य नंतर.

इथपर्यंतचं कळलं असेल तर किमतीचं उत्तर बरंचसं मिळालंच आहे. बारीक पल्लायचा लहान तुकडासुद्धा कित्येक आठवडे घेतो आणि पूर्ण अक्सूला महिने जातात, कारण बाई दिवसभर विणत बसत नाही, शेत, मुलं, जनावरं सांभाळून विणते. दुकानातली किंमत त्या वेळेची आहे. ती जास्त नाहीये, उलट बाजारातली किंमत कमी आहे, आणि बाजारातली किंमत कमी का, तर एकतर माल मशीनचा आहे किंवा कुणाला तरी तातडीने पैसे हवे होते म्हणून तिने पडेल भावात दिलंय.

ताराबुकोचा रविवारचा बाजार वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाहीये. सुक्रेहून साधारण 65 किलोमीटर, तुमचा रविवार तिथे असेल तर जरूर जा, गावाचा खरा बाजार आहे, मिरच्या, बटाटे, दोर, चपला सगळं असतं आणि चांगलं कापडही मिळतं. फक्त आधी संग्रहालय आणि मग बाजार असा क्रम ठेवा, डोळा तयार असेल. तिथे झगझगीत रंगाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या पिशव्या, पाऊच, टेबलक्लॉथ यांचे ढीग दिसतील, ते बहुतेक सगळं कारखान्यात विणलेलं ॲक्रिलिक असतं. आठवण म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, पण हाताने विणलेलं समजून त्या भावात घेऊ नका. कडा कापून शिवलेल्या आहेत का, एकच आकृती तंतोतंत तशीच परत परत येतेय का, हे बघा. शंका असेल तर विक्रेत्याला विचारून कडेचा एखादा सुटा धागा जाळून बघता येतो, लोकर जळलेल्या केसासारखी वास मारते आणि तिची राख बोटात चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

रंगाबद्दल लोक उगाच अडून बसतात म्हणून तेही सांगते. "नैसर्गिक रंग आहे ना?" हाच पहिला प्रश्न सगळे विचारतात. कोचिनील किड्याचा किरमिजी रंग अप्रतिमच आहे, निवडुंगावरचा हा किडा वाळवून कुटतात, तुरटीच्या जातीचा क्षार घालून लोकर उकळतात, आणि त्यातच लिंबाचा रस पडला तर लाल नारिंगीकडे जातो, लोखंड पडलं तर जांभळ्याकडे. चिल्का नावाच्या झुडपाच्या पाल्यापासून हिरवा मिळतो. पण रासायनिक रंग अँडीजमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेत, तिथल्या बायकांच्या पणज्यांनीही ते वापरलेत. रासायनिक रंगाचं हाल्का कापड हे खरंच हाल्का कापड आहे. मी विणकामाची प्रत आधी बघते, धागा नंतर, रंग सगळ्यात शेवटी. तुमचं प्राधान्य वेगळं असू शकतं, पण रंगावरून अस्सल-नकली ठरवू नका एवढंच.

एका बाबतीत मात्र माझं स्पष्ट 'नाही' आहे. कुणी हळूच बाजूला घेऊन "आजीच्या काळातलं, शंभर वर्षं जुनं" म्हणून कापड दाखवलं तर घेऊ नका. एकतर ते बऱ्याचदा तेवढं जुनं नसतं, आणि असलंच तर देशाबाहेर न्यायला कायद्याने मनाई आहे. कोरोमा या बोलिव्हियन गावाचं उदाहरण बघा. तिथे पूर्वजांची वस्त्रं गाठोड्यांमध्ये बांधून पवित्र म्हणून जपतात, वर्षातून एकदा नोव्हेंबरच्या सणाला बाहेर काढतात, गावाचा इतिहास आणि नाती त्यांच्यावर सांगितली जातात. 1980 च्या आसपास त्यातली कित्येक दलालांमार्फत चोरीला गेली आणि अमेरिकेत विकायला निघाली. गावाने पाठपुरावा सोडला नाही. 1989 मध्ये अमेरिकेने त्या वस्त्रांच्या आयातीवर तातडीची बंदी घातली आणि 1992 मध्ये त्यातली काही परत आली. जतनाचं काम करणारी म्हणून सांगते, जुनं कापड आपल्या कपाटात आलं की त्याच्या गावातल्या एखाद्या मुलीचा नमुना कायमचा जातो.

आता अवघडलेपणाचं. तुम्हाला तसं वाटतंय ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यावरचा उपाय तोंड फिरवून पुढे जाणं हा नाही. अंगणात विणकर बाई बसलेली असेल तर तिच्यासमोर उभं राहून वरून बघू नका, बाजूला खाली बसा, आधी नमस्कार करा, स्पॅनिशमध्ये नाव विचारा, कुठल्या गावची ते विचारा. फोटो विचारूनच, आणि नाही म्हणाली तर नाही. तिचं खरंखुरं कापड चालू असतं, विकलं जाणारं, ती नाटक करत नसते. मग तिच्या बोटांकडे बघा. उजव्या हाताने एक धागा उचलते, दोन सोडते, डाव्या अंगठ्याने मागची जोडी धरून ठेवते, मधेच थांबून एखादी ओळ उसवते. ते बघितल्यावर परत आत जा आणि मघाचा तोच अक्सू पुन्हा बघा. तुमच्या दोन तासांपैकी हा भाग मी कधीच गाळणार नाही, बाकी एखादी खोली सुटली तरी चालेल. पुरुषांनी विणलेल्या टॅपेस्ट्रीही, म्हणजे आडव्या धाग्याने नक्षी काढलेली कापडं, दिसतील, तो प्रकार तिथल्या पुरुषांनी आसूरच्या कामातून अलीकडे उचललाय, छान आहेत, पण वेळ कमी असेल तर तिथे रेंगाळू नका.

पुढे पेरूला जाणार असाल तर कुस्कोत अवेनिदा एल सोलवरचं पारंपरिक वस्त्र केंद्र जरूर करा. चिंचेरोच्या विणकर निल्दा काल्यान्याउपा अल्वारेस यांच्या पुढाकाराने 1996 मध्ये ते सुरू झालं, आसपासच्या बऱ्याच गावांचे विणकर त्यात आहेत आणि मांडणी समजायला सोपी आहे. लिमात हातात अर्धा दिवस असेल तर मिराफ्लोरेसमधलं आमानो संग्रहालय, योशितारो आमानो यांनी 1964 मध्ये उभं केलेलं, तिथे चांकाय संस्कृतीची जाळीदार कापडं बघून तुमचे डोळे फिरतील. पण दोन्हींपैकी काहीही सुक्रेची जागा घेत नाही, लाल-काळा हाल्का तुम्हाला इतक्या जवळून आणि इतक्या संख्येने दुसरीकडे दिसणार नाही.

घेतलंच एखादं कापड तर विणणारीचं नाव आणि गाव लिहून घ्या, पावतीवर नसेल तर स्वतः लिहा आणि कापडाबरोबरच ठेवा. घडी न घालता गुंडाळून आणा. घरी आल्यावर, तुम्ही ठाण्याचे म्हणताय, तर पावसाळ्यातली दमट हवा आणि लोकरीला लागणारी कसर हे दोन शत्रू. आल्या आल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून पिशवी न उघडता एक दिवस तशीच राहू द्या म्हणजे दव आत बसणार नाही. त्यानंतर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटात, आणि दिवाळीच्या सफाईत एकदा बाहेर काढून सावलीत झटका. भिंतीवर लावायचं असेल तर खिळे, गोंद, काचेला चिकटवणं नको, वरच्या काठाला मागून सुती पट्टी शिवून त्यातून दांडी घाला आणि उन्हाची तिरीप येणारी भिंत टाळा. धुवायची वेळ आलीच तर आधी पांढरा ओला कापूस प्रत्येक रंगावर हलका दाबून बघा, जराही रंग लागला तर पाण्यात घालूच नका.